बाबांनी बोलायचं नाही

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यात कडक मास्तरीण मी होते. वय वर्षं दहा. चौथी पास होऊन पाचवीत जाणार होते. बाबांची कशीबशी तिसरी झालेली आणि माय तर शाळेच्या वाटेलाही गेलेली नाही, त्यामुळे घरातली सगळ्यात शिकलेली व्यक्ती मीच होते आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. किराणा दुकानाच्या पुडीचा कागद असो की बाबांच्या गिरणीतली नोटीस, मी ती हातात घ्यायची, आधी घसा साफ करायची आणि मग वाचायची. घसा साफ करण्याची गरज नसायची, पण आमचे मोठे गुरुजी तसं करायचे. असाच घसा साफ करून मी एप्रिलच्या शेवटी एक चिठ्ठी वाचली. पुलापलीकडच्या नव्या मोठ्या शाळेची होती. माझा धाकटा भाऊ आनंद सहा वर्षांचा झाला होता, त्याला पहिलीत घालायचा अर्ज बाबांनी दिला होता, आणि त्यावर उत्तर आलं होतं की मुलासह आई-वडिलांनी मुलाखतीला हजर राहावे. मी ती तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा वाचल्यावर माय म्हणाली, "पोट्ट्याले शाळेत टाकाचं हाये का आमाले?"

माय चुकीचं बोलली नव्हती. महापालिकेच्या ज्या शाळेत मी जायचे तिथं मुलाखत वगैरे काही नसे. बापानं पोराला गुरुजींच्या पुढ्यात उभं करायचं, गुरुजींनी वर बघून 'बस' म्हणायचं, झाला प्रवेश. पण त्या शाळेत चार वर्गांना दोन गुरुजी होते आणि पावसाळ्यात चारही वर्ग एकाच खोलीत बसायचे, कारण बाकीच्या खोल्या गळायच्या. नव्या शाळेत मात्र दर वर्गाला वेगळ्या बाई होत्या, वर पंखे होते, आणि शाळा थेट मॅट्रिकपर्यंत होती. एकदा पोरगा आत गेला की दहा-अकरा वर्षं बघायला नको. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतल्यापासून शिक्षणाचं वेड घराघरांत शिरलं होतं, आणि बाबांना तर ते जरा जास्तच चढलं होतं. कुणाचा पोरगा सातवी झाला तरी बाबा पेढा घेऊन जायचे, पेढा खरं तर त्या पोराच्या घरच्यांनी आणायला हवा असला तरी. माझ्या वेळी या शाळेच्या जागी नुसत्या विटा पडलेल्या होत्या. नाहीतर मलाही तिथंच घातलं असतं, असं समजायला मला आजही आवडतं.

शेजारच्या शेवंतामावशीनं येऊन सगळ्यांना आणखी घाबरवलं. तिच्या पोराला त्याच शाळेनं मागच्या वर्षी परत पाठवलं होतं. "काय सांगू वं," ती मायला म्हणाली, "बाईनं आमाले इचारलं पोराचं नाव काय. मी म्हटलं सुरेश. अन हे म्हणते गणपत. घरी तं आमी दोन्ही नावं घेतो ना! बाईनं चष्मा काढला अन म्हणे, आधी घरी ठरवून या." मावशी हे हसत हसत सांगत होती, पण तिचा सुरेश ऊर्फ गणपत माझ्याच गळक्या शाळेत जात होता. बाबांनी ते ऐकलं, चिठ्ठी घडी करून बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवली आणि मला म्हणाले, "आता तूच शिकव वं आमाले. सारं तुह्या हाती हाये."

असं कुणी दहा वर्षांच्या मुलीला सांगू नये.

सक्करदऱ्याच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं कवेलूचं घर होतं, पुढे अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. मे महिन्यात दुपारी त्या घरात बसणं म्हणजे चुलीत बसणं. पण त्या महिन्याची खरी मजा सकाळी असायची. माय आणि शेवंतामावशी पहाटेच कुरोड्यांच्या कामाला लागायच्या. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक मोठ्या गंजात शिजायचा, आणि कुरोड्यांचा पहिला सोऱ्या फिरायच्या आधी आम्हा पोरांना वाटीत गरमगरम चीक मिळायचा, वर गूळ आणि तेलाची धार. आनंद तीन वाट्या खायचा. त्याचे गाल आधीच फुगलेले होते, चिकाच्या दिवसांत ते आणखी फुगायचे. दुपारी जेवायला भाकर, बेसनाचं चून आणि कच्चा कांदा, आणि जेवण झाल्यावर कैरीचं पन्हं. मग साडेतीनला गिरणीचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की माय अंगणात पाणी मारायला घ्यायची, कारण पाऊण तासात बाबांची सायकल दारात यायची, आणि ते आले की गल्लीला कळायचं.

गल्लीला कळायचं म्हणजे खरोखरच कळायचं. बाबा गिरणीच्या साचेखात्यात विणकर होते. साचे म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली एकदम चालतात तिथं शेजारी उभ्या माणसाचा आवाज शेजाऱ्याला येत नाही. वीस वर्षं तिथं काढून बाबांचे कान मंद झाले होते, आणि स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ते जे बोलायचे ते अंगणातल्या माणसाशी नाही, चौकातल्या माणसाशी बोलल्यासारखं. "भाजीत मीठ कमी हाये वं!" असं ते जेवताना म्हणाले की तीन घरं पलीकडून कुणीतरी हसायचं, आणि एकदा तर शेवंतामावशी खरंच मीठ घेऊन आली होती. माय त्यावर काही म्हणायची नाही. तिला सवय होती. सवय मला नव्हती, आणि मला ती करून घ्यायचीही नव्हती. तिसरीत असताना एकदा मी पाटी घरी विसरले होते. बाबा दुसऱ्या पाळीला जाण्याआधी ती द्यायला आले आणि फाटकातूनच त्यांनी मला हाक मारली. एकच हाक, पण चारही वर्गांचे पाढे थांबले. मग सगळी शाळा हसली. पुढे आठवडाभर पोरी मला तशाच आवाजात हाक मारायच्या, तोंडाभोवती हाताचे पंजे धरून. मी बाबांना ते सांगितलं नाही. पण त्यानंतर पाटी कधी विसरले नाही.

तर आमची शाळा रोज पाच वाजता भरायची. घरात एकच खुर्ची होती, पत्र्याची, घडीची. ती मी घ्यायची, कारण मी मोठी बाई होते. समोर खाटेवर एका ओळीत बाबा, माय आणि मधे आनंद. हातात पट्टीऐवजी माझ्याकडे कडुनिंबाची काडी होती. मी आनंदला नाव विचारायची, वडिलांचं नाव, गाईला पाय किती, आकाशाचा रंग कोणता. त्यानं ओरडून सांगितलं की काडी. नाक पुसलं की काडी. मायला मी शिकवलं की पदर सावरत राहायचं नाही आणि 'मले' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं. दोन दिवस माय 'मला' म्हणाली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला नाई जमत वं हे, मले सयपाक कराचा हाये," आणि उठून गेली. आता मी आजी झाले, माझ्या मुलानं परवा त्याच्या पोराला शहराबाहेर मिहानकडच्या एका शाळेत घातलं. तिथं आईबापांना दोन शनिवार बोलावून पंख्याखाली बसवलं, पडद्यावर चित्रं दाखवली आणि खायला सामोसे दिले. सूनबाई मोठ्या कौतुकानं सांगत होती की आई, तुमच्या वेळी पालकांसाठी असं काही नव्हतं. होतं, म्हटलं. सामोसे नव्हते.

बाबा मात्र गुणी विद्यार्थी होते. गिरणीतून आल्यावर हातपाय धुऊन, केस विंचरून, खाटेवर ताठ बसायचे. अडचण एकच होती. मी विचारलं, "आपण काय काम करता?" की ते सांगायचे, "विणकर हाये जी!" आणि निंबावरचे कावळे उडायचे. मी म्हटलं, हळू. त्यांनी हळू म्हणून जे सांगितलं त्यानं फक्त अर्धे कावळे उडाले. मी म्हटलं, आणखी हळू. तेव्हा त्यांनी नुसतेच ओठ हलवले, कारण त्यांच्याकडे आवाजाच्या या दोनच पट्ट्या होत्या. आठवडाभर मी खटपट केली. मग एका संध्याकाळी माझी सहनशक्ती संपली, आणि मी खुर्चीवरून मोठ्या बाईंच्याच थाटात निकाल दिला. "बाबा, तुमी तथी बोलाचं नाई. काहीच नाई. माय बोलन."

"काहून वं?" बाबा म्हणाले. "मी बाप हाये ना त्याचा."

"तुमी बोलले का सारे हासते. मंग आपली इज्जत जाते. मंग अंद्याले घेत नाई."

माय चुलीपाशी होती. ती फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता एक बसते. पण बाबाच म्हणाले, "बरं बाप्पा. नाई बोलत," आणि हसले. ते हसले म्हणून मीही ती गोष्ट तिथंच मिटली असं समजले. मोठ्या माणसांना वाईट वाटत असेल तर ती हसणार नाहीत, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

पण बोलायचं नाही म्हणून बाबा स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. साचेखात्यातल्या लोकांची एक वेगळीच बोली होती. कान बंद म्हणून ते ओठांवरून बोलणं ओळखायचे, आणि जे ओठांवरून कळत नसे ते हातांनी सांगायचे. दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. लाल रंग म्हणजे जिभेला बोट, पांढरा म्हणजे दाताला, काळा म्हणजे केसाला. मागावरच्या धोट्यासारखा हात झपाझप इकडून तिकडे फिरवला की विणकर. प्रत्येक माणसाला नावाऐवजी एक खूण असायची, आणि बाबांनी आनंदला घरी कधीचीच खूण दिली होती, दोन्ही गाल फुगवून त्यावर चापट्या मारायच्या. सगळ्यात महत्त्वाची खूण मिशीची. कुणी मिशीला पीळ दिला की समजायचं साहेब आला, तोंडं बंद, नजर कामावर. बाबांनी ठरवलं की मुलाखतीत आनंद कुठं अडला तर आपण गुपचूप हातानं उत्तर पुरवायचं. बाईंना काय कळणार? मग रोज माझी शाळा सुटली की निंबाखाली बाबांची शाळा भरायची. तिथं काडी नव्हती. तिथं आनंद खदाखदा हसत असायचा आणि दोन हातांनी बोलत असायचा, आणि खरं सांगते, माझ्या शाळेपेक्षा त्या शाळेत तो भराभर शिकला. मी दारातून बघायची आणि मनात म्हणायची की कॉपी करणाऱ्यांचं भलं होत नसतं.

मुलाखतीच्या दिवशी बाबांनी सुट्टी काढली. आनंदला नवा पांढरा सदरा होता, गिरणीच्या दुकानातल्या डागी कापडाचा, डाग बरोबर काखेत जाईल असा मायनं बेतलेला. हात वर करायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. चौघं मिळून गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले नाही तर सगळं कोसळेल याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात आणखी आठ-दहा कुटुंबं बसली होती, प्रत्येक बाप आपल्या पोराच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. बाबा तेवढे गप्प होते. ते भिंतीला टेकून, टोपी मांडीवर घेऊन बसले होते, आणि मला आठवतं, मला फार बरं वाटलं होतं की बघा, आमचे बाबा सगळ्यांत शांत दिसतात.

आत टेबलामागे मोठ्या बाई. पांढरं सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि पुढ्यात एक मोठं लांबट रजिस्टर. टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. माय एका खुर्चीच्या काठावर टेकली, आनंद मधल्या खुर्चीत, बाबा तिसऱ्या. मी मागे उभी राहिले. आणि बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं, त्यासरशी बाबांचा हात वीस वर्षांच्या सवयीनं आपोआप वर गेला आणि त्यांनी मिशीला पीळ दिला. ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. आनंदच्या आलं. त्याचं तोंड पिशवीसारखं बंद झालं.

"बाळ, तुझं नाव काय?" बाईंनी विचारलं. चांगला गोड आवाज होता त्यांचा.

आनंदनं दोन्ही गाल फुगवले आणि त्यावर दोन सणसणीत चापट्या मारल्या.

बाईंनी चष्मा नीट केला. "बरं. माझ्या साडीचा रंग कोणता आहे?"

आनंदनं दातावर बोट ठेवलं. "दात दुखतो का रे?" बाईंनी विचारलं. त्यानं जोरानं नकाराची मान हलवली आणि बोट आणखी दाबून ठेवलं. उत्तर बरोबर होतं. मला ते कळत होतं, बाबांना कळत होतं, ज्यांना कळायला हवं होतं त्यांना तेवढं कळत नव्हतं. बाईंनी विचारलं वडील काय करतात, तर आनंदनं टेबलावरून असा झपाझप हात फिरवला की दौत पडता पडता वाचली आणि बाई खुर्चीत मागे सरकल्या. गाईला पाय किती, तर चार बोटं. तेवढं एक त्यांना समजलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मायकडे वळून, अगदी हळुवारपणे त्यांनी विचारलं, "याला बोलता येत नाही का? तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. पण अशा मुलांसाठी आमच्याकडे सोय नाही. त्यांची वेगळी शाळा असते."

मायनं बोलायचं होतं. तसं ठरलेलंच होतं. पण माय 'मला' की 'मले' यातच अडकली असावी, तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी रजिस्टर मिटायला हात लावला. आणि तेव्हा बाबांनी खुर्चीत अर्धं वळून माझ्याकडे बघितलं. माझा बाप, चाळिशीचा माणूस, बोलू का म्हणून मला विचारत होता. मी नुसती मान हलवायची होती. पण बाहेरच्या व्हरांड्यात ती सगळी कुटुंबं होती, दार उघडं होतं, आणि मला ती तिसरीतली हाक आठवली. मी खिडकीकडे बघितलं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला त्या मुलीचा राग येतो. त्या खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाबांनी मग मला विचारणं सोडून दिलं.

"मुका नाई जी थो!" ते म्हणाले. "बोलते! लय बोलते! घरी आयकाल तं कान किटतीन तुमचे!"

बाईंचा हात रजिस्टरवरून उडाला. चपराशी दारात येऊन उभा राहिला. बाहेर व्हरांड्यात एकदम सामसूम झाली आणि मग कुणीतरी हसलं. पण बाबा आता सुरू झाले होते. साचेखात्यात हातानं का बोलतात ते त्यांनी सांगितलं, मिशीची खूण सांगितली, आपला हात सवयीनं गेला तेही सांगितलं. "मिशीले हात म्हंजे साहेब आला जी. पोट्ट्याले वाटलं आता चूप बसाचं."

"म्हणजे साहेब मी?" बाई म्हणाल्या.

"मंग! तुमीच तं साहेब!"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्या आनंदकडे वळल्या. "हं. आता सांग, नाव काय तुझं?" आनंदनं बाबांकडे बघितलं. बाबा बोलताहेत म्हणजे बंदी उठली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं नाव, बापाचं नाव, आडनाव, साडीचा रंग आणि गाईचे पाय असं सगळं एका दमात, बाबांच्याच पट्टीत सांगून टाकलं. पोरगा कुणाचा आहे याबद्दल कुणाला शंका राहिली असेल तर ती तिथं फिटली. "मग मघाशी का नाही बोललास?" बाईंनी विचारलं.

"ताई मारते," आनंद म्हणाला, आणि आता थांबायचं कुठं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "मोठ्यानं बोललं का मारते. अन बाबाले तं बोलाचंच नाई म्हणे. बाबा बोलले का सारे हासते. आपली इज्जत जाते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढून बघितलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात ते यासाठीच. माय खाली बघत होती. आणि बाबा मोठ्यानं, चपराशाच्याही पलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई जी, नाई! मीच सांगून ठेवलं होतं तिले! म्हटलं, माहा आवाज मले समजत नाई, तूच मले चूप बसवत जाय. पोरगी लय शाणी हाये. पाचवीत गेली!" बाबा खोटं बोलत नसत. दर पौर्णिमेला पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. माझ्या देखत ते खोटं बोलले ते तेवढं एकदाच, आणि तेही ओरडून.

बाईंना ते पटलं की नाही कोण जाणे. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गिरणीमुळेच का हो आवाज इतका मोठा झाला?"

"गिरणीनं कान घेतले जी," बाबा हसत म्हणाले. "आवाज तं पयलेपासूनच हाये. गावच्या शाळेत आमी बाहेर ओट्यावर बसो. मास्तर अंदर, फळा अंदर. पाढे म्हटले तं अंदर आयकू गेले पाहिजे ना? मास्तर म्हणे, मोठ्यानं म्हण रे. मी म्हणो. तिसरीपरेंत तसाच म्हटलो. मंग थेच सवय पडून गेली." एखादी गंमत सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. घरी त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. मायला ठाऊक असावं, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला. मला ठाऊक नव्हतं. ज्या आवाजाची मला लाज वाटत होती तो त्यांना कुठून मिळाला हे मी त्या खोलीत, त्या खुर्चीमागे उभी राहून पहिल्यांदा ऐकलं, आणि मला इतकं रडू आलं की ते थांबवण्यासाठी मी फ्रॉकची कड दातांत धरली.

बाईंनी रजिस्टर पुन्हा पुढ्यात ओढलं. मग त्यांनी पेन उचललं. "आईचं नाव सांगा," त्या म्हणाल्या, आणि मायनं सांगितलं, एकदम स्पष्ट. बाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, आनंदचं नाव लिहिलं, आणि लिहिता लिहिताच म्हणाल्या, "आमच्या वर्गातले पंखे फार आवाज करतात. मागच्या बाकावरच्या मुलाचं मला एक अक्षर ऐकू येत नाही. याला तिथंच बसवू. जूनच्या शेवटच्या आठवड्यात घेऊन या."

घरी जाताना आनंद सायकलच्या दांडीवर होता आणि बाबा सायकल हातात धरून चालत होते. माय मागून येत होती. उन्हं उतरली होती तरी डांबर चपलेला चिकटत होतं. प्रवेश मिळाला होता, पेढे घ्यायचे होते, पण बाबा काहीच बोलेनात. नाक्यावर नाही, पुलाजवळ नाही. आनंद एकटाच बडबडत होता. पानठेल्यापाशी बाबांनी सायकल थांबवली आणि माझ्याकडे वळले. तिथं साचे चालू नव्हते, साहेब नव्हता, तरी त्यांनी हातानंच विचारलं. आधी शाळेच्या दिशेनं बोट केलं, मग गळ्याला हात लावला, मग पंजा उलटा करून वर, वर, खूप वर नेला, आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिले. मी लय मोठ्यानं बोललो का?

मला हातानं उत्तर देता आलं असतं. नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. पण मला ते गळ्यातून बाहेर काढायचंच होतं. "नाई!" मी ओरडले. "नाई बाबा! बराबर बोलले तुमी! एकदम बराबर बोलले!"

पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाबा दचकले, त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि हसू दाबत मला म्हणाले, "हळू बोल वं, लोकं पाहून राहिले ना." आणि हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की जे बघत नव्हते तेही बघायला लागले.